डीसी-डीसी परिवर्तकातील आउटपुट विद्युतदाबाचे ओव्हरशूट : प्रचलित उपाययोजनांची चिकित्सा

प्रस्तावना :

एकदिश विद्युतदाब एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा डीसी-डीसी परिवर्तक आज मोबाईल फोनपासून मोटारीच्या डॅशबोर्डपर्यंत सर्वत्र आढळतो. त्याच्याकडून अपेक्षा एकच असते. आउटपुटवरील दाब ठरलेल्या पातळीवर स्थिर राहावा. परंतु परिवर्तक सुरू होताना, भार एकाएकी सुटताना किंवा झालेले शॉर्टसर्किट दूर होताना हा दाब ठरलेल्या पातळीच्या वर उसळतो आणि काही काळाने खाली येतो. या उसळीस ओव्हरशूट असे म्हणतात. ती कित्येकदा काही मायक्रोसेकंदांचीच असते. मल्टिमीटरवर ती दिसतही नाही. म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. एखादे उपकरण सहा महिने नीट चालून एके दिवशी बंद पडते, तेव्हा त्याचे खापर भाराकडील आयसीच्या दर्जावर फोडले जाते. त्या आयसीने दररोज सोसलेल्या उसळीची नोंद कोठेच नसते.

ही उसळी किती असू शकते याविषयीचे मानदंडही परस्परांशी जुळणारे नाहीत. ७४-श्रेणीच्या टीटीएल आयसींसाठी कार्यदाब ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि सहन होण्याची कमाल मर्यादा ७ व्होल्ट असे. संगणकाच्या एटीएक्स विद्युतपुरवठ्याची रचना-मार्गदर्शिका सुरू वा बंद होतानाचे ओव्हरशूट नाममात्र दाबाच्या १० टक्क्यांहून कमी असावे असे सांगते. ५ व्होल्टच्या वाहिनीवर याचा अर्थ ५.५ व्होल्ट. म्हणजे कार्यमर्यादा ओलांडलेली, पण कमाल मर्यादेच्या बरीच आत. हाच टक्का १.२ व्होल्टच्या प्रक्रियकाला लावला तर १२० मिलिव्होल्टची मुभा मिळते. प्रत्यक्षात इंटेल कंपनीने २०००च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या प्रक्रियक-पुरवठ्याच्या मार्गदर्शिकांत भार सुटल्यानंतरच्या उसळीस ५० मिलिव्होल्ट आणि २५ मायक्रोसेकंद एवढीच मर्यादा आखून दिलेली आहे. ओव्हरशूट टक्केवारीत मोजण्याची सवय ही नियंत्रणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून आलेली आहे. भाराला टक्केवारी कळत नाही. त्याला व्होल्ट आणि मायक्रोसेकंद कळतात.

ओव्हरशूट टाळण्याविषयी जे लिहिले व शिकवले जाते, त्यात हा प्रश्न मुख्यतः फीडबॅक लूपच्या स्थिरतेचा म्हणून मांडला जातो. फेज मार्जिन वाढवा, ओव्हरशूट कमी होईल, असा त्याचा सारांश. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ज्या प्रसंगी ओव्हरशूट खरोखर घातक ठरते, त्या बहुतेक प्रसंगी लूप मुळात कार्यरतच नसतो, आणि नेमक्या याच ठिकाणी प्रचलित विवेचन अपुरे पडते.

रेषीय प्रतिमान आणि त्याचे ऋण :

या विवेचनाचा उगम शोधल्यास तो १९७६ सालापर्यंत मागे जातो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आर. डी. मिडलब्रुक आणि स्लोबोदान चूक यांनी त्या वर्षी अवस्था-सरासरीची पद्धत मांडली. स्विच चालू व बंद असतानाची दोन निरनिराळी परिपथे सरासरीने एकत्र आणून, एका स्थिर कार्यबिंदूभोवती लहान विचलनांपुरते रेषीय प्रतिमान तयार करणे हे तिचे सार. या पद्धतीने स्विचिंग परिवर्तकांचे क्षेत्र अंदाजपंचे प्रयोगातून बाहेर काढले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९८३ साली डीन व्हेनेबल यांनी मांडलेल्या के-घटक पद्धतीने पुढचे पाऊल टाकले. हवे तेवढे फेज मार्जिन ठरवून त्यावरून भरपाई-जालातील रोधक व कपॅसिटर यांची मूल्ये थेट काढता येऊ लागली. रॉबर्ट एरिक्सन यांच्या १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील आवृत्त्यांत ड्रागान माक्सिमोविच यांच्यासह विस्तारलेल्या पाठ्यग्रंथात फेज मार्जिन आणि क्षणिक प्रतिसाद यांचे नाते फार स्वच्छपणे मांडलेले आहे. फेज मार्जिन ५२ अंश असेल तर बंद लूपचा क्यू-घटक १ होतो आणि पायरीसारख्या बदलास मिळणारे ओव्हरशूट सुमारे १६ टक्के येते. ७६ अंश असेल तर क्यू-घटक ०.५ वर येऊन ओव्हरशूट नाहीसे होते.

विद्यार्थी हे आकडे पाठ करतात. ते ज्या अटीवर उभे आहेत ती अट मात्र मागे पडते. प्रतिमान लहान विचलनांचे आहे. ड्यूटी सायकल शून्याच्या खाली किंवा शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, एरर अँप्लिफायरचे आउटपुट त्याच्या पुरवठ्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, डायोडमधून प्रवाह उलटा वाहू शकत नाही. या तिन्ही मर्यादा त्या प्रतिमानात नाहीत. शून्य व्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंतची चढण हे लहान विचलन नव्हे. पूर्ण भारावरून शून्य भारावर येणे हेही नव्हे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्प-अहवाल व त्यावर आधारित शोधनिबंध यांत या अटीचा विसर विशेष ठळकपणे दिसतो. परिवर्तकाचे सरासरी प्रतिमान मॅटलॅबमध्ये मांडायचे, संदर्भदाबास एकदम पायरी द्यायची, झीग्लर-निकोल्स पद्धतीने जुळवलेल्या पीआयडी नियंत्रकाचे ओव्हरशूट मोजायचे आणि मग फझी, न्यूरल किंवा एखाद्या पक्षी-कीटकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इष्टतमीकरणाने ते किती घटले हे कोष्टकात दाखवायचे, असा हा साचा आहे. त्यातील तुलनाच सदोष आहे. झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली दिलेले नियम रासायनिक व औष्णिक प्रक्रियांसाठी होते, आणि लागोपाठच्या दोन उसळ्यांपैकी दुसरी पहिलीच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी ही त्यांची कसोटी होती. अशा नियमांनी जुळवलेला नियंत्रक मोठे ओव्हरशूट देणार हे आधीच ठरलेले असते. ज्याच्याकडून ते अपेक्षित आहे त्याला हरवून मिळालेला विजय फारसा मोलाचा नाही. शिवाय संदर्भदाबाला पायरी देणे ही घटना स्थिर आउटपुटच्या पुरवठ्याच्या आयुष्यात जवळजवळ कधीच घडत नाही. तेथे बदलतो तो भार आणि बदलतो तो इनपुटचा दाब.

संचित ऊर्जेचा हिशेब :

भार एकाएकी सुटतो तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी नियंत्रणशास्त्राची गरज नाही. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम पुरेसा आहे. दाब उतरवणाऱ्या बक परिवर्तकात इंडक्टरमधून भाराइतका प्रवाह वाहत असतो. भार सुटताच नियंत्रकाने वरचा स्विच तत्क्षणी बंद केला असे मानले, म्हणजे नियंत्रक सर्वोत्तम आहे असे गृहीत धरले, तरी इंडक्टरमधील ऊर्जा कोठेतरी जावीच लागते. तिला जाण्यास आउटपुटवरील कपॅसिटरखेरीज दुसरी जागा नाही. त्यावरून अंतिम दाबाचा वर्ग म्हणजे मूळ दाबाचा वर्ग अधिक इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग भागिले कपॅसिटन्स, असे साधे समीकरण मिळते.

१० मायक्रोहेन्री इंडक्टर, ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि १० अँपिअर भार ही उदाहरणादाखल मूल्ये घेऊ. आउटपुट ५ व्होल्टचे असेल तर दाब सुमारे ५.२१ व्होल्टपर्यंत चढतो. वाढ ४ टक्क्यांच्या आसपास, चिंतेचे कारण नाही. तेच घटक, तोच भार, पण आउटपुट १.२ व्होल्टचे असेल तर दाब सुमारे १.८९ व्होल्टवर पोहोचतो. वाढ ५७ टक्के. परिपथात काहीही बदललेले नाही. फक्त दाबाची पातळी उतरली आहे. अंकीय आयसींचा कार्यदाब ५ व्होल्टवरून १ व्होल्टच्या आसपास येत गेला, त्या वाटचालीत जुन्या रचना-सवयी कशा अपुऱ्या ठरल्या, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १२ व्होल्टवरून १.२ व्होल्ट करणाऱ्या परिवर्तकात प्रवाह वाढवताना इंडक्टरवर १०.८ व्होल्टचा दाब मिळतो, घटवताना मात्र केवळ १.२ व्होल्टचा. म्हणजे प्रवाह ज्या वेगाने वाढवता येतो त्याच्या नवव्या हिश्शाने तो घटवता येतो. भार वाढल्यावर दाबात पडणारा खड्डा आणि भार सुटल्यावर येणारी उसळी यांत म्हणूनच मूलभूत असमानता आहे. रेषीय प्रतिमानात ही असमानता येऊच शकत नाही. तेथे वर आणि खाली यांना सारखेच नियम लागू असतात.

या हिशेबातून एक कसोटी हाती लागते. कोणत्याही अल्गोरिदमचा दावा तपासताना, दिलेल्या घटकमूल्यांसाठी भौतिक किमान ओव्हरशूट किती येते ते प्रथम काढावे. दावा त्याहून कमी असेल तर अनुकरणात कोठेतरी इंडक्टरला अशक्य ते करू दिलेले आहे. दावा त्याच्या जवळपास असेल तर नियंत्रक उत्तम आहे, पण ओव्हरशूट आणखी कमी करायचे असल्यास नियंत्रकाकडे पाहून उपयोग नाही. स्लायडिंग मोड असो की कपॅसिटरच्या प्रभार-संतुलनावर आधारलेले कालेष्टतम नियंत्रण असो, ही पद्धती त्या किमान मर्यादेच्या निकट जातात. ती मर्यादा खाली आणण्याचे काम घटकांचेच असते. ही कसोटी लावण्यास एक ओळीचे गणित लागते. तरीही ती शोधनिबंधांत क्वचितच आढळते.

घटक बदलण्याची किंमतही मोजावी लागते. वरील उदाहरणात इंडक्टर १ मायक्रोहेन्री केला तर १.२ व्होल्टच्या आउटपुटवरील उसळी सुमारे ८६ मिलिव्होल्ट राहते, आणि कपॅसिटरही १००० मायक्रोफॅरड केल्यास सुमारे ४१ मिलिव्होल्टवर येते. परंतु १ मायक्रोहेन्री इंडक्टरमधील प्रवाहाची तरंगिका १०० किलोहर्ट्झला १०.८ अँपिअर, म्हणजे भाराहूनही मोठी होते. ती २ अँपिअरच्या आसपास ठेवण्यासाठी वारंवारता ५०० किलोहर्ट्झवर न्यावी लागते आणि स्विचमधील ऊर्जाव्यय वाढतो. प्रक्रियकांच्या पुरवठ्यात अनेक टप्पे समांतर जोडून त्यांचे स्विचिंग एकमेकांपासून कालाने सरकवण्याची पद्धत रूढ झाली, ती याच कोंडीतून : समांतर इंडक्टरांचा परिणामी इंडक्टन्स घटतो, तरंगिका मात्र परस्परांना काही अंशी छेदतात. भाराच्या प्रमाणात आउटपुट दाब मुद्दाम थोडा उतरू देण्याची युक्तीही तशीच उल्लेखनीय आहे. पूर्ण भारावर दाब खाली असल्याने भार सुटल्यावरची उसळी खालच्या पायरीवरून सुरू होते, आणि उपलब्ध सहनमर्यादा दोन्ही बाजूंनी वापरता येते. दाब सर्वकाळ अचूक एकाच आकड्यावर असावा हा आग्रह येथे सोडून दिलेला आहे. आणि त्यातच या युक्तीचे शहाणपण आहे.

कपॅसिटरच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. सिरॅमिक कपॅसिटरवर छापलेले मूल्य शून्य एकदिश दाबाचे असते. प्रत्यक्ष कार्यदाबाखाली, विशेषतः लहान आकाराच्या कपॅसिटरांत, ते निम्म्यावरही येऊ शकते. छापील मूल्याने केलेला हिशेब मग कागदावरच उरतो.

संपृक्त एरर अँप्लिफायर :

सुरू होतानाच्या ओव्हरशूटचे कारण वेगळे आहे. परिवर्तकाला वीज मिळते तेव्हा आउटपुट शून्य असते. एरर अँप्लिफायरला प्रचंड तूट दिसते, त्याचे आउटपुट वरच्या मर्यादेस जाऊन चिकटते, ड्यूटी सायकल कमाल होते आणि इंडक्टर-कपॅसिटरची जोडी पूर्ण वेगाने भरू लागते. दाब ठरलेल्या पातळीला पोहोचतो त्या क्षणी तूट शून्य होते. पण अँप्लिफायर खाली येत नाही. त्याच्या फीडबॅकमधील भरपाई-कपॅसिटर तोवर पूर्ण चार्ज झालेला असतो, आणि तो उतरवण्यासाठी उलट दिशेची तूट लागते. उलट दिशेची तूट म्हणजेच ठरलेल्याहून अधिक दाब. थोडक्यात, शुद्ध संकलक एकदा संपृक्त झाला की ओव्हरशूट झाल्यावाचून तो संपृक्ततेतून बाहेरच पडू शकत नाही. येथे फेज मार्जिन ७६ अंश आहे की ९० हे गौण ठरते.

याचे मान लक्षात येण्यासाठी संकलन-कपॅसिटर १० नॅनोफॅरड, इनपुट-रोधक १० किलोओहम आणि अँप्लिफायरला उतरायचे अंतर ३ व्होल्ट असे मानू. आउटपुट अर्धा व्होल्ट वर गेले तर रोधकातून ५० मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो आणि ३ व्होल्ट उतरण्यास ६०० मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झच्या परिवर्तकात ही स्विचिंगची ६० आवर्तने झाली. या काळाचा बराच भाग परिवर्तक कमाल ड्यूटीवर ऊर्जा ओतत राहतो. कपॅसिटरशी एकसरीत असलेला रोधक अँप्लिफायरला लगेच थोडे खाली ओढतो आणि परिस्थिती काहीशी सुधारते. तथापि मूळ दोष राहतोच. लूप अधिक स्थिर व्हावा म्हणून कोणी हा कपॅसिटर मोठा केला तर बोडे-आलेखावर फेज मार्जिन सुधारलेले दिसते आणि सुरुवातीचे ओव्हरशूट मात्र वाढते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा हा अनुभव रेषीय विवेचनाने समजावता येत नाही.

प्रक्रिया-नियंत्रणाच्या क्षेत्रात संकलकाचे असे अतिभरण आणि त्यावरील प्रतिबंध ही फार जुनी माहिती आहे. शक्ती-इलेक्ट्रॉनिकीच्या अभ्यासक्रमात ती वेगळ्या विषयाच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत राहते. अंकीय नियंत्रकात हा प्रतिबंध दोन-तीन ओळींच्या प्रोग्रामने साधतो : आउटपुट मर्यादेला टेकले की संकलन थांबवायचे. एवढे करूनही तो पुष्कळदा वगळलेला असतो, कारण ज्या रेषीय प्रतिमानावरून प्रोग्राम लिहिला त्यात मर्यादाच नव्हती.

सॉफ्ट-स्टार्ट : एक नाव, दोन गोष्टी

सुरुवातीच्या ओव्हरशूटवर सर्वमान्य उपाय सॉफ्ट-स्टार्ट हा होय. पण या एका नावाखाली दोन भिन्न यंत्रणा वावरतात, आणि त्यांतील भेद क्वचितच स्पष्ट केला जातो. टीएल४९४ किंवा एसजी३५२५ यांसारख्या जुन्या नियंत्रक-आयसींत सॉफ्ट-स्टार्ट ड्यूटी सायकलवर हळूहळू सरकणारी कमाल मर्यादा घालते. इंडक्टरमधील प्रवाहाचा प्रारंभिक लोंढा त्यामुळे आवरला जातो. परंतु एरर अँप्लिफायर या मर्यादेच्या बाहेर, मोकळाच असतो. तो पूर्वीप्रमाणेच वर जाऊन चिकटतो, आणि दाब पातळीला पोहोचल्यावर त्याला खाली यायचे असतेच. उसळी लहान होते. नाहीशी होत नाही. यूसी३८४२ या आयसीत सॉफ्ट-स्टार्टची सोय अंगभूत नाही. तेथे रचनाकार एरर अँप्लिफायरचे आउटपुट असलेली पिनच ट्रान्झिस्टर-कपॅसिटरने खाली दाबून धरतात. गंमत अशी, की हा जुगाड अधिक योग्य ठरतो, कारण त्यात अँप्लिफायरचे आउटपुटच बांधलेले असते आणि भरपाई-कपॅसिटरला अतिभरण होण्यास वाव राहत नाही.

दुसऱ्या प्रकारात संदर्भदाबच शून्यापासून सावकाश वर नेला जातो. लूप पहिल्या मिलिसेकंदापासून बंद असतो आणि आउटपुट संदर्भाच्या मागे मागे चढते. नंतरच्या पिढीतील बहुतेक आयसींनी हा मार्ग स्वीकारला. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ मिलिसेकंदांत ५ व्होल्टवर न्यायचा तर चढणीत भाराव्यतिरिक्त १ अँपिअर प्रवाह लागतो. चढण संपते त्या वळणावर हा १ अँपिअर एकाएकी नकोसा होतो आणि तेवढ्यापुरती लहानशी उसळी येते. ती वरील समीकरणाने मोजता येते आणि चढणीचा काळ वाढवून कमी करता येते.

मात्र दोन्ही प्रकारांना एक समान छिद्र आहे : सॉफ्ट-स्टार्ट एकदाच, सुरुवातीला चालते. ग्रामीण भागात वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा आउटपुट कोसळते, पण सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर उतरायला वेळ मिळतोच असे नाही. वीज परत आल्यावर परिवर्तक सॉफ्ट-स्टार्ट नसल्यासारखा उसळतो. आउटपुटवर शॉर्टसर्किट होऊन ते निघते तेव्हाही तेच. शॉर्ट असेपर्यंत प्रवाह-मर्यादा काम करत असते, दाब जवळजवळ शून्य असतो, अँप्लिफायर वर चिकटलेला असतो; शॉर्ट निघताच दाब मर्यादेच्या कमाल प्रवाहाने वर धावतो. मोटारीच्या इंजिनला थंडीत स्टार्टर मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ६ व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. आयएसओ १६७५०च्या दुसऱ्या भागात या प्रसंगाची चाचणी विहित आहे. ५ व्होल्टचा परिवर्तक तेव्हा कमाल ड्यूटीवर कसाबसा तग धरतो. इंजिन सुरू होताच बॅटरीचा दाब झपाट्याने वर येतो, ड्यूटी मात्र अजून कमाल असते. या तिन्ही प्रसंगी सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर भरलेला आणि म्हणून निरुपयोगी असतो. उपाय उपलब्ध आहेत : सॉफ्ट-स्टार्टचा दाब फीडबॅकच्या दाबाहून थोडाच वर राहील असा बांधून ठेवणे, जेणेकरून आउटपुट कोसळल्यास सॉफ्ट-स्टार्टही त्याच्याबरोबर खाली येईल; किंवा एरर अँप्लिफायरच्या आउटपुटला पूर्ण भारास लागणाऱ्या पातळीच्या किंचित वर क्लॅम्प घालणे. दुसरा उपाय एका डायोडच्या खर्चाचा आहे.

दाब चढवणाऱ्या बूस्ट परिवर्तकात तर सॉफ्ट-स्टार्टविषयीचा समज आणखी फसवा ठरतो. त्यात इनपुटपासून इंडक्टर व डायोडमधून आउटपुटपर्यंत सरळ वाट असते. इनपुट जोडताच, नियंत्रक जागा होण्यापूर्वीच, आउटपुट कपॅसिटर अनुनादाने भरतो आणि रोध नगण्य असेल तर इनपुटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. स्विच बंदच असल्याने नियंत्रकाच्या हाती काही नसते. इनपुटपासून थेट आउटपुटला जोडलेला एक डायोड प्रवाहाला इंडक्टर टाळून जाण्याची वाट देतो आणि ही विशिष्ट उसळी मिटवतो. ज्यांचे आउटपुट इनपुटच्या दुपटीहून बरेच अधिक आहे त्यांना याची निकड नसते.

संरक्षण आणि प्रतिबंध यांतील गल्लत :

अतिदाब-संरक्षणाचा उल्लेख ओव्हरशूटवरील उपाय म्हणून होतो, तो तपासून घ्यावा लागतो. थायरिस्टरने आउटपुट शॉर्ट करणारा क्रोबार आणि झेनर ही नियंत्रण हरपल्यानंतरची साधने आहेत. एटीएक्स मार्गदर्शिकेत ५ व्होल्ट वाहिनीचे अतिदाब-संरक्षण ५.७४ ते ७ व्होल्ट या पट्ट्यात कोठेही कार्यान्वित होऊ शकते. म्हणजे १० टक्क्यांच्या अनुज्ञात ओव्हरशूटला ते स्पर्शही करत नाही, आणि तसे ते करूही नये. अन्यथा प्रत्येक वेळी सुरू करताना पुरवठा स्वतःच बंद पडेल.

उसळी आल्यानंतर ती ओसरते कशी, हा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. डायोड असलेला परिवर्तक आउटपुटमध्ये प्रवाह घालू शकतो, काढून घेऊ शकत नाही. भार नसताना दाब ५.५ व्होल्टवर गेला, तर ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर रिकामा करण्यास फक्त फीडबॅकच्या विभाजकातील अर्धा मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह उरतो, आणि जादाचा अर्धा व्होल्ट उतरण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. मायक्रोसेकंदांची म्हणून सोडून दिलेली घटना येथे डोळ्यांना दिसण्याइतकी लांबते. त्या अर्ध्या सेकंदात एरर अँप्लिफायर खालच्या मर्यादेला चिकटलेला असतो. तेवढ्यात भार आला तर त्याला तळातून वर यावे लागते आणि उसळीपाठोपाठ खड्डा पडतो. डायोडऐवजी स्विच वापरणारा सिंक्रोनस परिवर्तक प्रवाह उलटा वाहू देऊन दाब लवकर उतरवू शकतो, परंतु आउटपुटवर आधीपासून दाब असताना सुरू झाल्यास तोच त्या दाबाला खाली खेचतो. म्हणून सुरुवातीच्या काळात त्याला डायोडसारखे वागवावे लागते. उलटपक्षी भार सुटल्याच्या क्षणी खालचा स्विच मुद्दाम बंद ठेवला तर प्रवाह त्याच्या अंगभूत डायोडमधून जातो आणि १.२ व्होल्टमध्ये डायोडच्या सुमारे ०.७ व्होल्टची भर पडून प्रवाह अधिक वेगाने घटतो. कार्यक्षमतेसाठी जो डायोड हद्दपार केला त्यालाच काही मायक्रोसेकंदांसाठी परत बोलावण्याचा हा प्रकार कमी दाबाच्या आउटपुटवरच लक्षणीय ठरतो; ५ व्होल्टवर ०.७ व्होल्टची भर किरकोळच असते.

ऑसिलोस्कोपवरील चाचणीचे स्वरूप या विवेचनावरून ठरते. रोधकी भार जोडून एकदा बटण दाबणे आणि चढण पाहणे एवढ्यावर बहुतेक अहवाल थांबतात. ती चाचणी सर्वांत सौम्य आहे : सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर रिकामा, भार उसळी शोषून घेणारा, इनपुट स्थिर. इनपुट काही मिलिसेकंदांसाठी तोडून पुन्हा जोडणे, कमाल इनपुट दाबावर आउटपुटचे शॉर्ट काढणे, पूर्ण भार शून्यावर आणणे आणि भाराविना सुरू करणे, या चार प्रसंगी घेतलेले तरंग अहवालात असावेत आणि त्यांच्याशेजारी इंडक्टर, कपॅसिटर व प्रवाह यांवरून काढलेली भौतिक किमान उसळी व्होल्टमध्ये दिलेली असावी. कपॅसिटरचे मूल्य कार्यदाबावर मोजलेले असावे, आणि ऑसिलोस्कोपच्या प्रोबची भू-जोडणी लांब तारेने न करता टोकाशी केलेली असावी; नाहीतर स्विचिंगच्या गोंगाटातील टोकदार काटेच ओव्हरशूट म्हणून मोजले जातात.